पाडण्याआधीची मोजणी

रॉटरडॅमला, गोदीच्या मागे,
विमा कंपनीची ही जुनी कचेरी:
नऊ मजली, राखाडी, कुणालाच न आवडलेली.
हिच्यासमोर उभं राहून
लग्नाचे फोटो कधी कुणी काढले नाहीत.
मला पाठवलंय हिची मोजदाद करायला.
पाडली तर किती धूर, ठेवली तर किती,
एका पानावर लिहून द्यायचं,
शुक्रवारपर्यंत.

मी खांबांची आवरणं उघडते, खडूने आकडे घालते.
प्रत्येक खांबाच्या पोटात एक भट्टी आहे,
माझ्या जन्माआधी पेटून विझलेली.
तिचा धूर केव्हाच वर गेला,
तो आता कुणाच्या बापाला खाली आणता येणार नाही.
उरलंय ते हे पोलाद, त्या धुराची पावती.
पावती फाडली
म्हणून उधारी फिटत नाही.
जुनं ते सोनं, असं मी म्हणत नाही.
जुनं ते पोलाद.
एवढंच.

वीब्रेन, बिल्डरचा माणूस,
टॅबलेटवर नवी इमारत दाखवतो:
सगळी काच, गच्चीत झाडं,
झाडांखाली हसणारी, सावली नसलेली माणसं.
"शून्य कार्बन," म्हणतो, "पहिल्या दिवसापासून."
"आणि त्याच्या आदल्या दिवसापर्यंत?"
तो बोट सरकवतो.
पुढचं चित्र.
त्यातही झाडं.

चौथ्या मजल्यावर दुल्से भेटली, बादली घेऊन.
मूळची केप व्हर्डीच्या बेटावरची,
सव्वीस वर्षं इथल्या फरशा पुसतेय.
डच तुटक बोलते, पण खिडक्यांविषयी सलग:
"उत्तरेच्या फटींत मी टॉवेल कोंबते, नोव्हेंबर लागला की.
दक्षिणेला बसणारे साहेब रेडिएटर चालू ठेवतात
आणि उकडतं म्हणून खिडकी उघडतात.
आणि हे बघ."

दार ढकललं.
रिकामी खोली. जमिनीवर केबलींचे कापलेले शेंडे.
बाहेर जानेवारी, दोन अंश, नदीवरून बोचरा वारा,
आणि आत एक यंत्र जीव तोडून
खोली थंड करत होतं.
भिंतीपलीकडे रेडिएटर, तोही जीव तोडून.
"इथं कॉम्प्युटर होते. ते नेले,
माझी नात बालवाडीत गेली त्या वर्षी."
"आता केवढी आहे नात?"
"आता दाढीवाल्या मुलाबरोबर फिरते."
"कुणाला सांगितलं नाहीस?"
"सांगितलं ना. फॉर्म भरला."
"मग?"
"मग फॉर्म बदलला."

तिने मॉपच्या दांड्याने बटण दाखवलं,
कपाटामागे, धुळीत.
मी दाबलं.
यंत्र थांबलं, आणि तेव्हा कळलं,
इतका वेळ आम्ही दोघी
ओरडून बोलत होतो.

त्या रात्री पान लिहिलं.
सांगाडा ठेवा. पाया ठेवा. जिने ठेवा.
खिडक्या बदला, उत्तरेच्या आधी.
दारं एकशे बारा, बिजागऱ्या धड,
ती दुसरीकडे कुठे तरी लागतील.
टॉवेलांचं खाली टीपेत लिहिलं.
कुणी वाचेल असं वाटलं नव्हतं.

वीब्रेनने वाचलं. दोनदा.
धुराच्या रकान्यापाशी तो फारसा थांबला नाही;
"पाया तोच वापरला तर
नऊ महिने वाचतात," म्हणाला, स्वतःशीच,
आणि टॅबलेट पालथा घातला.
मी गप्प बसले.
माणूस कुठल्या दाराने आत येतो
यावर भांडायची ही वेळ नव्हती.

सोमवारी दुल्सेला सांगायला गेले:
पाडणार नाहीत. दीड वर्ष काम चालेल.
तिने मॉप पिळला, घट्ट, शेवटच्या थेंबापर्यंत.
"चांगलं झालं," म्हणाली.
"आणि दीड वर्ष मी काय पुसू?"

माझ्या पानावर या प्रश्नाला रकाना नव्हता.
ती पुढच्या खांबाकडे वळली,
आणि हाताच्या सवयीनं
माझा खडूचा आकडा पुसून टाकला.
मग थबकली, जीभ चावली.
मी खिशातून खडू काढला.
आकडा पुन्हा लिहिला.
तिने बादली जरा बाजूला सरकवली,
मला जागा व्हावी म्हणून.