डावा बॅक हवा

रविवारी साडेपाचला पंचायतीच्या हॉलमध्ये ड्राफ्ट.
आठ संघ, शहाण्णव पोरं,
आणि फळ्याजवळ खडू घेऊन शाबा मळीक,
ज्याला ऑफसाइड कळायला तीन मोसम लागले.

मी फेरीबोटीवर दोर टाकतो.
नार्वे ते दिवाडी, दिवाडी ते नार्वे.
प्रत्येक खेपेला एक तरी जाणकार चढतो
आणि स्कूटर स्टँडला लावता लावता सांगतो,
तुम्हाला स्ट्रायकर हवा.

स्ट्रायकर!
अहो, पाच वर्षं आम्ही स्ट्रायकरच घेतोय.
एक केस रंगवून आला, एक दुबईला गेला,
एकाला चिखल सोसत नव्हता.
आणि गोल खाल्ले ते सगळे डावीकडून,
बांधाच्या अंगाने, वाकड्या माडाखालून,
जिथे आमचा बॅक उभा असायला हवा.
गेल्या मोसमात एकदा तिथे म्हैस उभी होती.
खरं सांगतो,
त्या दिवशी तिकडून एकही बॉल आला नाही.

मला डावा बॅक हवा.
फार मागत नाही. डाव्या पायाचा,
रविवारी सकाळी शुद्धीत असलेला.

आणि हवी होती पहिली निवड.
तळाचा संघ आधी निवडतो, असा नियम,
आणि तळ आम्ही कष्टाने गाठला होता.
शेवटची मॅच. एकोणनव्वदावं मिनिट. त्यांना पेनल्टी.
गोलात आमचा कायतान, एक्केचाळीस वर्षांचा पदेर,
रात्री दोनला भट्टी पेटवणारा,
दुसऱ्या हाफात पोस्टला टेकून डुलक्या काढणारा.
तो उजवीकडे झेपावला.
अडवला!
बरोबरी, एक गुण, आम्ही आठवरून सातवर.
त्या रात्री मी अर्धी नदी भोंगा वाजवत नेली,
त्याचा मेमो अजून ड्रॉवरमध्ये आहे.

आता पहिली निवड पलीकडच्यांची.
कायतानला बोलणार कसं?
सकाळी सायकलवरून त्याचेच उंडे येतात,
आणि पेनल्टीपासून
मी त्याच्याकडे सुटे पैसे परत मागत नाही.

यादी काल लागली,
घरपट्टीच्या नोटिशीशेजारी.
बोट ठेवून वाचत गेलो.
सदतीस: जोएल. दोन्ही पाय चालतात, गुडघा नाही.
बावन्न: सेबीचा धाकटा. उंच. हेडरला डोळे मिटतो.
एकसष्ट: तन्वेश गांवस. बॅक. डावा पाय.

वडिलांच्या रकान्यात मी.

घरात कुणी बोललं नव्हतं.
रोज रात्री समोर बसून हुमण-भात जेवतो,
काटे ताटाच्या कडेला ओळीने लावतो,
एक शब्द नाही.

शाबा म्हणतो, काका, तुम्हीच सांगा, घेऊया?
आणि मी पाच वर्षं ओरडतोय
की ह्याचा भाचा, त्याचा मेव्हणा
घेऊन घेऊन संघ बुडवला.

पोरगा वेगवान आहे. क्रॉस बरा मारतो.
वर चढला की मात्र परत यायचं विसरतो.
निवडणारा मी असतो तर
तिसऱ्या फेरीत घेतला असता.
चौथ्या.
हे त्याला सांगितलेलं नाही. त्याच्या आईला तर नाहीच.

आज दुपारी पलीकडून इनास चढला,
त्यांचा मॅनेजर,
कधी नव्हे ते माझ्यासाठी मिरचीभजी घेऊन.
मधल्या धारेला पोचेपर्यंत पावसापाण्याचं बोलला.
मग म्हणाला, तुझा पोरगा डाव्या पायाचा ना?

मी म्हटलं, गुडघा दुखतो त्याचा.

नार्व्याचा धक्का आला.
मी दोर टाकला तो खुंटाला लागलाच नाही,
सरळ पाण्यात.
अठरा वर्षांत पहिल्यांदा.

इनासने दोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
वरच्या खिशातून छोटी वही काढली,
भज्यांचं तेल पँटला पुसलं,
आणि काहीतरी लिहिलं.