हेलेदच्या जागी

माझी पहिली नोकरी आता दुसरीत आहे.
परवा समुद्रावर दिसली,
आइस्क्रीम कोपरापर्यंत ओघळलेलं,
पुढचे दोन दात पडलेले.
तिची आई म्हणाली, "नेरिस, अजून ग्रंथालयातच ना?"
नाही हो. एफा रांगायला लागली
आणि तुम्हीच नाही का परत आलात?

दुसरी नोकरी जुळी झाली.
गुरांच्या दवाखान्यात, फोनवर,
दहाचे चौदा महिने मिळाले.
परक्या घरी जुळी झाल्याचा इतका आनंद
सख्ख्या मावशीलाही होत नसेल.

मग नगरपालिकेत कचऱ्याच्या तक्रारी,
मग शाळेत, मग चष्म्यांच्या दुकानात.
भाड्याचं घर अन् खाली कर,
तशी खुर्ची.
तिच्या खालची दांडी मी कधी ओढली नाही.
उंच बायकांच्या जागी बसले
तेव्हा पाय लोंबकळत ठेवले.

एकदा मात्र एक जण
तिसऱ्याच महिन्यात परत आली.
कुणी काही विचारलं नाही.
मी उठले, कपातला माझा चमचा काढून घेतला
आणि खिडकी लावू का म्हणून विचारलं.
ती म्हणाली, असू दे.
त्या नोकरीचं वय मी मोजत नाही.

बेकरीवरच्या दोन खोल्या घ्यायच्या होत्या.
बँकेतला मुलगा म्हणाला,
कायम असतात तर प्रश्नच नव्हता.
त्याच्याही छातीवरचं नाव
पेनानं लिहिलेलं होतं.

आता ही बंदराची कचेरी, हेलेदच्या जागी.
जाताना तिनं चार पानं लिहून ठेवली:
प्रिंटर अडला तर डाव्या अंगाला थोपट.
एम्रिसच्या होडीचं भाडं थकतं, पण येतं.
शुक्रवारी साहेबांना काही विचारू नकोस.
निवडुंगाला पाणी घालू नकोस,
मेलाय असं वाटलं तरी.

काल तिचा फोन आला. मागे बाळ रडत होतं,
की हसत होतं, लांबून सारखंच ऐकू येतं.
मी नाही येणार परत, म्हणाली.
तुला हवी का? सोमवारपर्यंत सांग.

हवी का?
सहा केक कापले माझ्या निरोपाचे,
भांडणं मुरायच्या आत निघून आले.
कंटाळा यायचा तेव्हा मी दारात असायचे,
कोट घालून.
कुणाचा राग घरी नेला नाही,
कुणाचं लग्नाचं आमंत्रणही नाही.
आणि दोन नोकऱ्यांमधले ते आठवडे,
सकाळी दहा वाजता रिकाम्या वाळूवर
माझी एकटीची पावलं.
पण ते आठवडे फुकट नव्हते.
एका हिवाळ्यात हीटर लावला नाही,
कोट घालूनच झोपले.
आणि फ्लू झाला तेव्हा बदलीच्या बाईला
बदली मिळेना.

ॲबरिस्टुइथला आम्ही समुद्राकाठचा रस्ता
शेवटपर्यंत चालतो,
तिथल्या कठड्याला लाथ मारतो आणि मागे फिरतो.
का, कुणाला माहीत नाही.
काल संध्याकाळी गेले, मारली.
वारा असा की टोपी दोन्ही हातांनी धरलेली.
परत येताना ठरलं असेल असं वाटलं होतं.

ठरलं नाही.
पण एक विचार डोक्यातून जाईना:
कायम झाले आणि कधी
मलाच रजा घ्यावी लागली,
गुडघ्यासाठी म्हणा, आईसाठी म्हणा,
तर माझ्या जागी कुणी येईल.
तिच्यासाठी चार पानं लिहावी लागतील.

रात्री बिलाच्या पाठीवर लिहून पाहिलं.
प्रिंटरचं नाही सुचलं, एम्रिसचं नाही.
पहिली ओळ आली ती अशी:
खुर्चीची दांडी उजव्या हाताला आहे.
तुला हवी तशी करून घे.