सात अक्षरं

काढायचा दर आणि कोरायचा दर
मी एकच लावतो.
ॲबरडीनचा ग्रॅनाइट
कुणाच्या म्हणण्याला लगेच मान डोलावत नाही.

शाळेच्या दारावर, माझ्या पणजोबांच्याही आधीपासून:
'बहिऱ्या आणि मुक्या मुलांसाठी'.
त्यातलं 'आणि मुक्या' तेवढं काढा,
सात अक्षरं, ट्रस्टी बाई म्हणाल्या,
आता कानाला खुपतं.
म्हणाल्या, आणि एकदम गप्प झाल्या.

जिभेला हाड नसतं म्हणतात.
इथे होतं, इंचभर खोल,
आणि कोरणाऱ्याचा हात, खरं सांगतो, देखणा.
पहिल्या डी-चं पोट फोडताना
मला दोनदा खाली उतरून चहा घ्यावा लागला.

समोर रोज एफी लम्स्डेन. वय अठ्ठ्याऐंशी.
घडीची खुर्ची, पिशवीत टॉफ्या,
एक तळवा लोखंडी कठड्यावर:
माझा हातोडा ती तिथून ऐकायची.

तिसऱ्या दिवशी तिचे हात बोलू लागले.
शेवटच्या वर्गातली झोशा, कानामागे यंत्र,
मला सांगत गेली:

मुके? आम्ही?
वर्गात हात मांडीखाली दाबून बसवायचे.
'प' म्हणा, मेणबत्ती विझली पाहिजे.
रात्री मात्र एका चादरीखाली, एका टॉर्चवर
अकरा जणी,
सेल संपेपर्यंत नुसती बडबड.
दारावर काय लिहिलंय ते वाचायला
मान वर केली होती कुणी?

मग एफीनं बोट कानाला लावलं,
मग ओठांना.
झोशाचा चेहरा उतरला.
'हे आता असं करत नाहीत,' ती म्हणाली,
मला की तिला, कोण जाणे.
'वाईट दिसतं.'

एफीनं पुन्हा केलं. कान. ओठ.
मग छातीवर तळवा.
एवढी वर्षं हेच पुरलं मला,
आता या वयात नवं कुठे शिवायला टाकू?

यावर झोशा जे बोलली ते हातांनी,
भरभर, मला वगळून.
बराच वेळ भांडल्या दोघी.
शिडीवर मला माझ्याच हातोड्याची लाज वाटली.

शुक्रवारी संपलं.
पाऊस आला, आणि तासलेली जागा
बाकीच्या दगडाआधी काळी पडली.
रस्त्यापलीकडून दिसत होती.

एफीनं वाकून एक कपची उचलली,
बी-च्या पोटाची गोलाई असलेली,
रुमालानं पुसली
आणि टॉफ्यांच्या पिशवीत टाकली.

बिल मी सात अक्षरांचंच लावलं.