पाठीवर काय छापायचं

कलिना फाटकासमोर माझं दुकान, दहा बाय आठ.
मे महिन्यात इथे ज्ञान ओलं असतं:
लई सुकायला एक रात्र लागते
आणि प्रत्येकाला उद्या सकाळीच जमा करायचं असतं.

भाषांना मरून, विज्ञानाला काळं, सामाजिक शास्त्रांना निळं रेक्झिन.
पाठीवर सोनेरी: आडनाव, विषय, साल.
मी आत वाचत नाही. पानं मोजतो.
पण मोजणारं बोट कधीतरी अडखळतंच.

रोझलीन डाबरे, भाषाशास्त्र. पान एकशे बारा,
उदाहरण चौदा: ‘पाय बगतो, डोला नाय.’
खाली एकेका शब्दाचं हाड सुटं करून ठेवलेलं.
पाय: नाम. बगतो: क्रियापद. नाय: नकार.
तळटीप: निवेदक सहा, स्त्री, वय एकसष्ट,
डाव्या पायाला अंगठा नाही.
चिखलाला तिच्याकडे नऊ नावं.

दुसऱ्या दिवशी फैझान मुकादम, पर्यावरण.
स्थानक चार, मोडक्या धक्क्याच्या दक्षिणेला,
ओहोटी, पहाटे चार वाजून दहा मिनिटं.
गाळात शिसं, तांबं, दशांशचिन्हापुढे तीन आकडे.
ऋणनिर्देशात आई, मार्गदर्शक, प्रयोगशाळेतले तावडे
आणि ‘ती बाई, जिच्या चार बोटांच्या ठशात पाय ठेवत गेलो
म्हणून कमरेपर्यंतच रुतलो.’

मग भूपेश खोब्रागडे, अर्थशास्त्र.
तक्ता सहा पूर्णांक तीन, कुटुंब सतरा:
खुबे, निवट्या, चिंबोऱ्या मिळून रोजचे एकशे ऐंशी.
‘वैद्यकीय’च्या रकान्यात
अंगठा, चार हजार, उसने.

गावाचं नाव तिघांनीही लपवलेलं, तसा नियमच आहे.
एकाचं गाव क, एकाचं स्थानक चार, एकाची नमुना वस्ती.
फोटोत मात्र तोच धक्का,
मागे तीच लाल-पांढरी चिमणी.
तिघं एकमेकांना ओळखत नाहीत.
त्यांच्या इमारतींमध्ये एक कँटीन आहे फक्त.

जागा कमी, म्हणून तिन्ही प्रबंध
त्या रात्री एकाच शिकंज्यात दाबले.
लई पातळ झाली होती. सकाळी बघतो तर एकमेकांना चिकटलेले.
सुरी घालून सोडवले. निळ्यावर मरून रंगाचा ओरखडा राहिला.
खोब्रागडे म्हणाला, चालेल हो, कोण बघतंय.

टाकाऊ पानं माझ्याकडेच राहतात:
समास चुकलेली, शाई पुसट आलेली, दोनदा छापलेली.
पोतं उपसलं. एकशे बारा सापडलं. तक्ता सापडला.
शिशाचं पान अर्धंच निघालं.
एकवीस पानं झाली, शिवली.
लईत मोरचूद जरा जास्त घातला, खाडीकडची हवा.
उरलेल्या पट्ट्या जोडून तीन रंगांचं कव्हर केलं.
पाठीवर काय छापायचं ते कळेना.
आडनाव ठाऊक नाही. विषय कुठला म्हणू?
सालाचे खिळे तेवढे उचलले, पुन्हा पेटीत ठेवले.

रविवारी गेलो. धक्का लिहिल्याइतकाच मोडका होता.
बाई नातवाकडून मोबाईलचा आवाज वाढवून घेत होत्या.
हारकूबाय, अशी शेजारणीने हाक मारली, तेव्हा नाव कळलं.
तुमचं आहे, म्हणत मी पुस्तक पुढे केलं.
तिने उघडलं नाही. नाकाशी नेलं.
‘ह्यात औषद घातलंस?’
मोरचूद, म्हटलं, कीड लागू नये म्हणून.
‘खाडीला पन ह्योच वास हाय आता.’

मग उजव्या तळव्यावर धरून
दोनदा खालीवर केलं, मासळी तोलतात तसं.
‘पावशेराला कमी हाय,’ म्हणाली
आणि आत नेऊन ठेवलं.