अकरा पिक्सेल

ऐरोलीचं घर, सिडकोचं, तिसरा मजला,
खिडकी खाडीकडे.
फ्लॅटमागे आठशे देतो ब्रोकर, अट एकच:
खोली उजळ हवी आणि बाहेरचंही दिसायला हवं.
डोळ्याला हे सहज जमतं. कॅमेऱ्याला नाही.
म्हणून तेच चित्र मी तीनदा घेते,
एकदा खिडकीसाठी, एकदा खोलीसाठी,
आणि सर्वात आधी एकदा दोघांचं मन राखायला.

तांडेलकाका, म्हटलं, दोन मिनिटं हलू नका.
"नाही हलत," म्हणाले,
आणि पहिल्या क्लिकनंतर
पडदा सरळ करायला गेले,
ट्रायपॉडजवळच्या सैल फरशीवरून.
फरशी पोकळ वाजली.
"एकोणनव्वदपासून वाजतेय," ते तिकडून म्हणाले.
मी दुसरा घेतला. ते परतताना तिसरा.

रात्री घणसोलीला, लॅपटॉपचा पंखा घरघरतोय,
तिन्ही एकावर एक.
सॉफ्टवेअरला म्हटलं, तूच जुळव.
त्यानं पडद्याच्या पट्ट्या धरल्या,
पडदा तर हललेला,
अख्खी भिंत कलली, जिन्यावरून कपाट उतरवताना कलतं तशी.
मग हातानं.

हातानं जुळवायचं म्हणजे
आधी न हललेलं काहीतरी शोधायचं.
कॅलेंडर नाही, ते पंख्यानं फडफडलं होतं.
फिक्या चौकोनाच्या वर एक खिळा होता,
चौकोनातली तसबीर कधीच बांधून ठेवलेली.
तीनशे टक्के मोठा केला. तीन खिळे दिसले.
बाणाची कळ: अकरा पिक्सेल उजवीकडे, चार खाली.
तीन खिळ्यांचा एक झाला.

पण एका खिळ्यानं भागत नाही,
त्याच्याभोवती सगळं घर गरगर फिरू शकतं.
दुसरा बिंदू लागतो, लांबचा.
तो मिळाला स्विचबोर्डच्या गंजक्या स्क्रूत.

आता वरचा थर फरकावर टाकायचा:
जे जुळलं ते काळं होतं.
सोफा गेला, टीव्ही गेला, ट्यूबलाइट गेली.
चांगलं जुळलेलं घर या खेळात दिसतच नाही,
न जुळलेलं तेवढं चमकत राहतं.
पडद्याची कड चमकत होती.
आणि काका.

पहिल्यात ते नव्हतेच.
दुसऱ्यात, अंधाऱ्यात, खिडकीशी पाठमोरे,
हात पडद्यावर, पलीकडे खाडी स्वच्छ,
ओहोटीच्या चिखलावर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ.
तिसऱ्याला दोन सेकंद लागतात,
तेवढ्यात ते वाफेसारखे झाले,
त्यांच्यातून फ्रिजचं हँडल दिसत होतं.

याला सॉफ्टवेअरवाले भूत म्हणतात.
शब्द माझा नाही.
काढायचं बटण असतं, मी दाबलं.
कडांवर मऊ ब्रश फिरवला, दहा टक्क्यांनी,
पडद्याशी जरा जास्तच वेळ.
खोली उजळली, खाडी राहिली,
मधलं माणूस गेलं.
ब्रोकरचा अंगठा आला. "एक नंबर."

साडेदहाला काकांचा फोन.
"तुझ्या स्क्रीनवर एक काळं आलं होतं, ते दे मला."
त्यात घर दिसत नाही हो, काका.
"ठाऊक आहे," म्हणाले.
मागे कुठेतरी कुकरची शिट्टी, मुलीचं घर असावं.
"लाइट गेली की आम्हाला असंच दिसायचं.
कंपनीतून आलो की दोघं बसायचो तिथं,
मेणबत्तीसुद्धा लावायचो नाही."

पाठवला. काही न करता,
सरकलेला होता तसाच.
त्यात ते स्वतः उभे आहेत हे सांगावं की नाही,
ठरत नव्हतं.

त्यांनी बोटांनी मोठा करून पाहिला असणार,
वेळ लागला.
सव्वाअकराला उत्तर आलं:
पडदा मात्र सरळ आलाय.