काचा बंद ठेवा

वुल्व्हरहॅम्प्टनहून साडेनऊला निघालो,
बिउडली येईस्तोवर डब्यातले निम्मे शंकरपाळे संपले.
तिकिटं सुपरमार्केटच्या पॉइंटांवर मिळालेली,
म्हणजे फुकटच, हे मी बाबांना तीनदा सांगितलं,
कारण ते किंमत विचारतात, पाउंडाचे रुपये करतात
आणि मग दुपारपर्यंत बोलत नाहीत.

फाटकावर पाटी: काचा बंद ठेवा.
गाडी बंद पडली तर हॉर्न वाजवा. उतरू नका.
बाबांनी ती माझ्याकडून पुन्हा वाचून घेतली.
"चौतीस वर्षं पायी हिंडलो मेळघाटात," म्हणाले,
"हातात एक काठी.
अन् इथं पाय टेकवाची बंदी."

पहिल्या गिअरमध्ये गाड्यांची रांग.
झेब्रे रस्ता ओलांडून गेले
आणि कैवल्यने आपला तो विनोद केला,
झेब्रा क्रॉसिंगचा, जो शाळेत चालतो.
जिराफाने जीभ लावली काचेला,
जांभळं खाऊन आलेल्या पोरासारखी जीभ,
लांबच लांब ओला पट्टा ठेवून गेला.
माकडांनी मागचा वायपर नेला.
मी विम्याचा विचार करत राहिले,
बाबा मात्र खुशीत: "ह्याइले कोणी शिकवा लागत नाही."

मग दोन दारांचं कुंपण. एक उघडतं, आपण आत,
ते मिटल्यावर दुसरं.
बारीक पाऊस, चिखल, बर्चची झाडं,
आणि झाडांखाली ती,
एखाद्या सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात
कुणाची तरी वाट बघत बसावं तशी.

आरशात पाहिलं तर बाबा वाकले होते.
वाटलं, चक्कर आली.
ते बूट काढत होते.
नाड्या सोडून, मोजेसुद्धा,
दोन्ही पाय रबरी चटईवर उघडे.
"आजोबांनी शूज का काढले?"
"कुला मामा आहे तो," बाबा म्हणाले,
"कोरकू लोकायचा देव. समोर आला तं पायात काही ठेवत नाही."
"पण ही तर मादी आहे. पाटीवर लिहिलंय."
"असन," बाबा म्हणाले.

ती उठली. चालत आमच्या बाजूने गेली,
इतकी जवळ की मी हँडब्रेक धरून ठेवला.
"उजवा मागचा पाह्य," बाबा पुटपुटले,
"अर्धाच टेकवून राह्यली."
मला काहीच दिसलं नाही. मला पट्टे दिसले.

पाणवठ्याकाठी उकिडवं बसून
बाबा काचेच्या तुकड्यावर
स्केचपेनाने पंजे उतरवून घ्यायचे,
घरी आमच्या कपाटात कपड्यांपेक्षा कागद जास्त.
आता काच श्वासांनी धुरकटलेली,
तिच्यावर त्यांचं बोट फिरलं:
तळवा, चार बोटं, एक बाजू जरा दबकी.
कैवल्यला म्हणाले, "हे पाठ कर."

बाहेर पडल्यावर मला थांबायला लावलं.
हिरव्या जॅकेटातली पोरगी, बुटांवर वाळलेला चिखल.
मी संकोचत सांगितलं, माझे वडील म्हणतात, पाय.
ती म्हणाली, हो, सोळा वर्षांची आहे, सांधे गेलेत,
मांसातून गोळी देतो रोज.
मी भाषांतर करायच्या आत
बाबांनी स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारून दाखवली.
ती हसली. तिने तिचं कोपर दाखवलं.
बराच वेळ चाललं ते.

बाबा नागपूरला परतले त्याला महिना झाला.
वायपर अजून नवा बसवलेला नाही.
आज सकाळी शाळेला निघताना कडाक्याची थंडी,
कैवल्य मागे बसून खोकला,
त्याच्या बाजूची काच पांढरी होत गेली
आणि तिच्यावर पंजा आला वर,
चार बोटं, तळवा, ती दबकी बाजू.

दोघंही काही बोललो नाही.
आठ पन्नासची घंटा चुकणार होती.
मी गाडी काढली.
हीटर लावला नाही.