परत आलेल्याला आधी विचारा

उद्या चौथी आवृत्ती बाहेर पडेल.
सोबतची टिपणी लिहायचं काम माझ्याकडे,
कारण मला कोड फारसा कळत नाही
आणि वाचणाऱ्यांनाही कळत नाही, असं आउस्मा म्हणते.

लिएपाया. फेब्रुवारी. साडेपाचला काळोख.
समुद्रावरचा वारा थेट खिडकीच्या फटीत शिरतो,
तिथे आम्ही एक जुना मोजा कोंबलाय.
खोलीत चाचणीची सात यंत्रं,
सगळी कुठल्या ना कुठल्या कचेरीतून निवृत्त,
आणि त्यांच्या पाठीच्या उबेत
गिर्त्सने राईच्या पावाचं पीठ फुगायला ठेवलंय.

सॉफ्टवेअरचं नाव स्ट्रॉप्स. म्हणजे मधमाश्यांची पेटी.
तुम्ही त्यात काहीही ठेवा,
बंदराचा हिशोब, पोरीच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ,
ती त्याचे तुकडे करते,
एकेक तुकडा तीन-तीन घरी सांभाळायला देते,
आणि कुणाचं काय कुठे, ते
पाचांमुखी ठरवून लिहून ठेवते.
एखादं घर बसलं तरी निभावतं.
फुकट आहे. उघडं आहे. हमी नाही.
(फुकट सोडलं तर लग्नासारखंच, गिर्त्स म्हणतो.
त्याची दोन झालीत.)

दर तीन सेकंदांनी प्रत्येक यंत्र म्हणतं : आहे.
आहे.
आहे.
तीस सेकंद गप्प राहिलं
की बाकीचे त्याला गेलेलं धरतात,
त्याचा भार वाटून घेतात.
इथवर ठीक.
पण ते परत आलं तर,
म्हणजे वायर सैल झालेली असते,
सफाईवाल्याच्या पायात प्लग येतो,
तर जुन्या आवृत्तीत उंबऱ्यातच त्याला सांगत :
तुझं श्राद्ध उरकलं. तुझ्याकडचं शिळं. पूस.
आणि ते पुसायचं.

ग्रीनलंडमध्ये सिसिमिउतच्या एका शाळेत
मुलं वर्षभर खाडीवरच्या बर्फाची जाडी मोजत होती.
वादळात तार तुटली. चाळीस मिनिटं.
त्या चाळीस मिनिटांतल्या नोंदी
एकाच यंत्राकडे होत्या.
ते परतलं, आणि त्याने आज्ञा पाळली.
पिपालुकबाईंच्या पत्रात राग नव्हता.
लिहिलं होतं, मोजायला आम्ही पुन्हा जाऊ,
पण तो बर्फ आता नाही.

हे असं होणार, हे इल्मार्सने आठ वर्षांपूर्वी सांगितलं होतं.
दोन वर्षं सांगत राहिला.
मग याच खोलीत, आउस्माशी,
आवाज चढले, कुणीतरी कुणाला अडाणी म्हणालं,
त्याने मग टेबलावर ठेवला आणि जिना उतरून गेला.
सहा वर्षांत एक ओळ नाही.
व्हेन्त्सपिल्सला गेला म्हणे. की इथेच आहे, ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ.
विचारलं कुणी नाही.
मगात आता पेचकस असतात.

जानेवारीत दुरुस्ती आली. अकरा ओळी.
वर नमस्कार नाही, खाली सही नाही,
मध्ये फक्त एक शेरा, यंत्रासाठी नव्हे, वाचणाऱ्यासाठी :
परत आलेल्याला आधी विचारा, तुझ्याकडे काय आहे.

आउस्माने वाचलं.
उठून खिडकीतला मोजा नीट खुपसला. तो नीटच होता.
मग बसून उत्तर लिहिलं :
सातव्या ओळीत एक अक्षर चुकलंय.
वीस मिनिटांत पलीकडून अक्षर बदलून आलं.
तिने ते सामावून घेतलं.
संभाषण एवढंच.

आता टिपणी.
«परतलेल्या यंत्राकडचा मजकूर यापुढे
तपासल्याशिवाय पुसला जाणार नाही.»
हे मी लिहिलंय. बरोबर आहे. कोरडं आहे.
अडलंय ते आभारांपाशी :
यादी यंत्रच बनवतं,
आणि पाच वर्षांहून जास्त गप्प राहिलेल्यांना
त्याने «नवे सहकारी» खाली टाकलंय.
एका कोलंबियन विद्यार्थ्याच्या खाली, इल्मार्स,
ज्याने पहिल्या आवृत्तीची पहिली ओळ लिहिली.

आउस्माला विचारलं, हे हलवू का वर?
तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.
ती मगातून पेचकस काढत होती,
एक एक, लहानापासून मोठ्याकडे,
आणि तळाला चिकटलेला कॉफीचा काळा डाग
नखाने खरवडत होती.

पीठ फुगून भांड्याबाहेर आलंय, गिर्त्स.